किडनीसाठी चाललात, पण पैसे कुठे गेले?

आज सकाळी आमच्या भागातून किडनी दिनाची वॉकेथॉन गेली. हिरवे टी-शर्ट, छातीवर नंबर, कमानीपाशी झुंबा. मी दूध आणायला निघाले होते, थांबून बघत राहिले, बरंही वाटलं. मग रस्त्याच्या कडेला पडलेल्या पाण्याच्या बाटल्या दिसल्या. दोन घोट पिऊन फेकलेल्या, पाणी गटारात चाललेलं. तिथेच डोकं फिरलं.

माझा मामा डायलिसिसवर आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून पाणी मोजून प्यायचं. त्याच्या दिवसभराच्या पाण्याची बाटली मामी सकाळीच भरून ठेवते. चहा त्यातलाच धरायचा, आमटी त्यातलीच, गोळी गिळायचा घोटही त्यातलाच. माण तालुक्यातल्या मार्चच्या उन्हात! जास्त झालं की रात्री आडवं पडलं तरी धाप लागते. मग पुढच्या वेळी मशीनवर जास्त पाणी ओढावं लागतं आणि पायांत असे गोळे येतात की मोठा माणूस रडतो.

घरी येऊन आयोजकांपैकी एकाला फोन लावला. नोंदणीचे पैसे कुठे जातात? म्हणे, जनजागृतीला. म्हणजे टी-शर्ट, मेडल, नाश्ता, ड्रोनचं शूटिंग. आणि उरतील ते? ‘बघू, देऊ एखाद्या संस्थेला.’ बघू! पेशंटच्या नावावर पैसे गोळा करायचे आणि पेशंटला द्यायचे ते उरले तर?

हो, जनजागृती लागते. मधुमेह आणि बीपी हीच किडनी जाण्याची मोठी कारणं, आणि बरीचशी किडनी जाईपर्यंत माणसाला काही कळतही नाही. मामाचं असंच झालं. आज कमानीपाशी फुकट बीपी तपासत होते, ते चांगलंच केलं. किडनी कशी चालतेय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीनही बघितलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

पण जो मशीनवर आलाच आहे त्याचं काय? आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत डायलिसिस होतं, एसटीतही सवलत आहे, मान्य. पण मामाची शिफ्ट सुटते तेव्हा त्याची एसटी गेलेली असते. मग वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. बीपी उतरलेलं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून घेतलेला डावा हात पोटाशी धरून तो जीपमध्ये चेपून बसतो, कुणाचं कोपर लागू नये म्हणून. सोबत मामी, म्हणजे तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला. त्याच्या शिफ्टमधल्या एका बाबांनी भाडं परवडेना म्हणून तीन खेपांच्या दोन केल्या. पावसाळ्यात ते गेले. किडनीनं गेले असंच सगळे म्हणतात. मी म्हणते, जीपच्या भाड्यानं गेले.

चालणाऱ्यांवर माझा राग नाही, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय. त्यांच्यात एक मुलगी होती, टी-शर्टवर पेनानं ‘आईसाठी’ लिहिलेलं. अक्षर घामानं पसरलं होतं, तरी ती चालत होती. रविवारी पहाटे उठून आलेली ही माणसं. मेडल नको, ते पैसे पेशंटच्या गाडीला देऊ, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर एकानंही नाही म्हटलं नसतं. विचारलंच नाही कुणी.

तर पुढच्या वर्षी नोंदणी करण्याआधी हिशोब मागा. किती जमले, किती पेशंटपर्यंत पोचले, एवढं कागदावर द्या म्हणा. देणार असतील तर मीही पैसे भरून चालेन, शेजारपाजारच्यांनाही घेऊन येईन.

आणि साताऱ्यातल्या मित्रमैत्रिणींनो, दुपारी चारनंतर तुमच्यापैकी कुणाची गाडी दहिवडीकडे जात असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. सोमवार, बुधवार, शनिवार. मामाबरोबर त्याच वाटेचे आणखी दोघं असतात. पेट्रोलचे पैसे मी देईन. फक्त डाव्या हाताला धक्का लागणार नाही अशी जागा द्या.