फीची पावती आणि झिंकची प्लेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली, म्हणून हे उत्तर लांबतंय. कला महाविद्यालयाची फी आणि प्रत्यक्ष खर्च यांत फार अंतर असतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : असलं वाचून गरीब घरची मुलं घाबरतील, ज्याच्या हातात कला आहे तो कोळशाच्या तुकड्यानेही चित्र काढतो, आणि आर्ट्सला ना प्रयोगशाळा लागते ना यंत्रं, तेव्हा तिथली भरमसाट फी म्हणजे निव्वळ लूट.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे गल्लत झाली आहे. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकवतात ते आर्ट्स वेगळं आणि चित्र-शिल्प शिकवतात ते वेगळं. दुसऱ्या ठिकाणी एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे ठसे काढायचा प्रेस असतो, आम्लाचे ट्रे आणि त्याची वाफ बाहेर ओढणारे पंखे असतात, भट्टी असते, तासन्‌तास न हलता बसणारं मॉडेल असतं आणि त्याचं मानधन असतं. शिवाय शिक्षक. शंभर मुलांना एकदम व्याख्यान देता येतं; चित्र टेकवायच्या शंभर इझलांमागे उभं राहून ‘हा खांदा खाली गेलाय’ असं एकदम सांगता येत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांबद्दल हेच मांडलं. चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, कारखान्यात मात्र तेवढ्या वेळात कितीतरी पट माल निघतो. पगार दोन्हीकडचे वाढतात, त्यामुळे पहिलं काम तुलनेने महाग होत जातं. स्टुडिओतलं शिकवणं त्याच जातीचं आहे. लुटणारी कॉलेजं नसतात असं नाही, पण मोठा आकडा दिसला की लूटच, हे काही खरं नाही.

आणि आकडा लहान दिसला तरी हुरळून जाऊ नये, हाच तर माझा मुद्दा होता. न्यूयॉर्कचं कूपर युनियन हे कॉलेज १८५९ साली स्थापन झालेलं. २०१४ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीच्या आधी कित्येक दशकं तिथे प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची पूर्ण शिकवणी फी माफ होती. राहण्या-खाण्याचे आणि साहित्याचे पैसे तेव्हाही मुलांनाच उभे करावे लागत. इंग्लंडात २०१२ साली फीची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली, ती चित्रकलेला आणि भौतिकशास्त्राला सारखीच. फीवरून शिक्षणाचा खर्च ओळखायला जाल, तर दोन्हीकडे फसाल.

आता कोळसा. मी शिकत होते तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर एचिंग करणारी मुलगी झिंकच्या प्लेटची मागची बाजूही वापरायची. पुढचं काम आम्लाने खाऊ नये म्हणून त्यावर वार्निशचा हात द्यायची, ते वाळेपर्यंत खिडकीशी उभी राहायची, मग मागचा पत्रा घासत बसायची. आमची प्लेट तासाभरात तयार व्हायची, तिचा अर्धा दिवस त्यातच जायचा. एकदा वार्निशला कुठेतरी बारीक चीर राहिली. प्लेट ट्रेमधून काढून पुसली, तर पुढच्या बाजूच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडलेले. त्या प्लेटचे ठसे अजून काढायचे होते आणि सबमिशन आठवड्यावर आलेलं. ती काही बोलली नाही, नुसता अंगठा त्या खड्ड्यांवरून फिरवत राहिली. तिच्या हातात कला नव्हती असं म्हणाल? कॉलेजच्या माहितीपत्रकात प्लेटचा उल्लेखसुद्धा नव्हता. ‘साहित्य विद्यार्थ्याने आणावे’ एवढी एक ओळ होती.

तरीही तुमच्या कोळशात तथ्य आहे, आणि तिथे चूक माझी. साहित्याला फीइतकेच पैसे लागतात, असं मी सरसकट लिहून गेले. तसा काही नियम नाही. रेखाटनाला खरंच फारसं लागत नाही. ब्राँझच्या ओतकामाला लागतं, आणि उपयोजित कलेत संगणक व सॉफ्टवेअरचं भाडं, तेही शिक्षण संपलं की विद्यार्थी-सवलत जाऊन एकदम वाढणारं. एकाच शाखेतही फरक पडतो. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग महाग, ऑकर-अंबरसारखे मातीचे रंग स्वस्त. ट्यूबवर ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर आत बहुधा स्वस्तातला पर्यायी रंग. आंदेर्श झोर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी पॅलेट चारच रंगांची आहे : पांढरा, यलो ऑकर, एक लाल आणि काळा. त्यात व्यक्तिचित्रणाचं अख्खं सत्र निघतं. पण हे शिक्षकाने सांगायला हवं. बारा ट्यूबची यादी फळ्यावर लिहून मोकळं होणारेच मी जास्त पाहिले.

एक खर्च मात्र तुमच्या प्रतिक्रियेत नाही आणि माझ्याही लेखात नव्हता : वेळ. कॉलेज सुटल्यावर चार तास नोकरी करून शिकणारी मुलं असतात. तैलरंगाचा थर वाळायला दिवस जातात आणि स्टुडिओ ठरलेल्या वेळी बंद होतो. कामावर गेलं की स्टुडिओ बुडतो, स्टुडिओत बसलं की कमाई बुडते. त्यात शिष्यवृत्ती बऱ्याचदा फक्त शिकवणी फीपुरती असते आणि पैसे खात्यात पडेपर्यंत सत्र अर्धं सरलेलं असतं. कागद मात्र पहिल्याच आठवड्यात लागतो.

घाबरवण्याबद्दल म्हणाल, तर मला उलट दिसलंय. प्रवेशाआधी घाबरलेली मुलं हिशेब करतात, कुणाला तरी विचारतात, जुनं इझल मिळवतात. ज्यांना दुसऱ्या वर्षी मध्यातच कळतं, ती गप्प होतात. आधी सबमिशनला येत नाहीत, मग वर्गात.

तुम्ही शेवटी विचारलंत, भाचीला शिल्पकलेला पाठवू की नको. पाठवा. फक्त प्रवेशाच्या खिडकीवर चौकशी करून थांबू नका. दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलीला गाठा आणि विचारा, की साच्याचं प्लास्टर कोण देतं, भट्टीचे पैसे वेगळे घेतात का, अनामत परत मिळाली असं कुणी पाहिलंय का, आणि वर्षअखेरच्या डिस्प्लेत शिल्पं ठेवायचे चौथरे कुणाच्या खर्चाने बनतात. चौथऱ्यांचं विसरू नका, ते मी स्वतः विसरले होते.