मालकीवर मर्यादा म्हणजे लेखणीवर मर्यादा नव्हे

“माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालणं ही सेन्सॉरशिप आहे. सुप्रीम कोर्टाने ‘सकाळ’च्या खटल्यात ते केव्हाच सांगितलंय. शिवाय देशात लाखावर नोंदणीकृत नियतकालिकं आहेत, स्पर्धा आयोग आहे. मक्तेदारी येणार कुठून?” हा युक्तिवाद हल्ली सगळीकडे ऐकू येतो आणि भलीभली माणसं त्याला मान डोलावतात.

आधी ‘सकाळ’ घेऊ, कारण त्या निकालाचा असा वापर मला सर्वांत जास्त खुपतो. १९६० च्या सरकारी आदेशाने वृत्तपत्राची पानं किमतीला जखडली. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा ७ नये पैशांना मिळायचा आणि रविवार सोडून सहा दिवसांत मिळून ३४ पानं द्यायचा. आदेशानुसार त्या किमतीत २४ च पानं बसत होती. ३४ द्यायची तर अंक ८ पैशांना विका. म्हणजे एक तर मजकूर कापा, नाहीतर वाचक गमवा. कोर्टाने १९६१ मध्ये तो आदेश आणि त्यामागचं १९५६ च्या कायद्यातलं कलम रद्द केलं. लहान वृत्तपत्रांना मोठ्यांपासून वाचवायचंय, असं सरकारचं म्हणणं होतं, हे खरं. पण त्यासाठी अभिव्यक्तीवर थेट घाव घालता येणार नाही, हा न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा. एकाच घराण्याने किती वृत्तपत्रं आणि किती वाहिन्या घ्याव्यात, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

सेन्सॉरशिपचं म्हणाल, तर एका शहरातल्या खाजगी एफएम केंद्रांपैकी ४० टक्क्यांहून जास्त एका मालकाकडे असू नयेत, असा नियम आपल्याकडे आहे. त्याने कोणाचा आवाज दाबला?

लाखावर नियतकालिकं आहेत, हे बरोबर. पण शीर्षकं मोजून मालक कळत नाहीत. मार्चच्या सुरुवातीच्या एखाद्या जुन्या अंकात ‘फॉर्म ४’ची चौकट शोधा. बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागधारक दिलेले असतात. तिथे एखाद्या कंपनीचं नाव आलं की वाचकाची वाट खुंटते. त्या कंपनीमागे कोण, हे चौकट सांगत नाही. २०२२ मध्ये एनडीटीव्हीच्या बाबतीत अदानी समूहाने आधी विश्वप्रधान कमर्शियल ही कंपनी घेतली. तिने प्रवर्तकांच्या कंपनीला पूर्वी कर्ज दिलं होतं आणि त्या कर्जाच्या अटींतून वाहिनीतला २९.१८ टक्के हिस्सा हाती आला. ‘विश्वप्रधान’ हे नाव त्याआधी किती प्रेक्षकांनी ऐकलं होतं?

राहिला स्पर्धा आयोग. तो बाजार बघतो: हिस्सा किती, भाव कोण ठरवतं, जाहिरातदाराला पर्याय आहे का. जिल्ह्यातलं वृत्तपत्र, बातम्यांची वाहिनी आणि केबल हे त्याच्या लेखी वेगवेगळे बाजार ठरू शकतात. वाचक मात्र एकच असतो आणि तिन्हीकडून त्याच्यापर्यंत एकाच मालकाची बाजू पोहोचू शकते. ब्रिटनमध्ये २००२ च्या कायद्याखाली वृत्तपत्राचा सौदा बातम्यांची अचूकता आणि मतांची विविधता या कसोट्यांवरही तपासता येतो. आपल्या स्पर्धा कायद्यात अशी कसोटी नाही.

वृत्तपत्र आणि वाहिनी यांच्या एकत्र मालकीवर भाषेनुसार मर्यादा घाला, अशी शिफारस ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, ऑगस्ट २०१४ मध्ये केली होती. तिचा कायदा झाला नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘ट्राय’ने माध्यमांच्या मालकीवर पुन्हा चर्चापत्र काढलं आणि लोकांची मतं नव्याने मागवली.