परवाना काढून घेता येतो, म्हणून

नमस्कार,

अमेरिकेतल्या इलेक्ट्रिशियनांच्या परवान्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वाचनात एक मुद्दा पूर्ण आणि एक अर्धा मान्य करावा लागला, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. परवाना म्हणजे धंद्यात आधीच शिरलेल्यांनी नव्यांसाठी आतून लावलेली कडी. त्याने मजुरी वाढते, सुरक्षितता नाही. कारवाई करणारं मंडळही त्याच धंद्यातल्या माणसांचं, म्हणजे कुंपणच शेत खाणार. ग्राहकाला हवी ती माहिती ऑनलाइन रेटिंगमधून मिळते. आणि ‘अमेरिकेत परवान्याशिवाय कुणी तारेला हात लावू शकत नाही’ हे माझं वाक्य साफ चूक.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. इलेक्ट्रिशियनचा परवाना अमेरिकेचं केंद्र सरकार देतच नाही. तो राज्यांचा विषय आहे, आणि सगळी राज्यंही देत नाहीत. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात राज्यपातळीवर असा परवाना नाही, शहरं आपापलं बघतात. टेक्ससमध्ये राज्यभर एकच परवाना आला तो १ सप्टेंबर २००४ पासून. त्याआधी तिथेही गाव बदललं की नियम बदलायचे. शिवाय स्वतः राहत असलेल्या स्वतःच्या घरात, शहराचा वेगळा नियम आड येत नसेल तर, टेक्ससचा घरमालक आजही बिनपरवाना वायरिंग करू शकतो. मी वाक्याच्या ओघात वाहवलो.

आता रेटिंगबद्दल. इथे मात्र मी हटणार नाही.

मी घर घेतलं ते जुनं. जुन्या अमेरिकन घरांत सॉकेटला दोनच फटी असायच्या, भिंतीतून अर्थिंगची तार आलेलीच नसायची. आमच्या घरात मात्र सगळीकडे तीन पिनांची नवीकोरी सॉकेट होती. तीन दिव्यांचं टेस्टर लावलं की ‘सगळं ठीक’ दाखवायचं. पुढे एका कामासाठी एक सॉकेट उघडलं तेव्हा आत बोटभर तारेचा तुकडा दिसला: अर्थिंगच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या, स्क्रूपर्यंत. म्हणजे अर्थिंग नव्हतंच, न्यूट्रललाच अर्थिंगचा मुखवटा चढवला होता. टेस्टर या दोघांत फरक करू शकत नाही. पण मागे कुठे न्यूट्रल ढिला होऊन सुटला, तर त्या सॉकेटवरच्या चालू उपकरणाच्या धातूच्या अंगावर थेट १२० व्होल्ट येतात. ब्रेकर पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने जादा करंट वाहतच नसतो. तो गप्प बसून राहतो, आणि कुणीतरी ओल्या हाताने फ्रिजचं दार उघडतो.

अर्थिंगची तार नसेल तर काय करायचं हे कोडमध्ये, म्हणजे वायरिंगच्या नियमावलीत, लिहिलेलं आहे. जीएफसीआय नावाचा गळती ओळखणारा संरक्षक बसवायचा, तो साधारण ५ मिलीॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडतो, आणि सॉकेटवर ‘अर्थिंग नाही’ असं लेबल लावायचं. थोडा खर्च जास्त, आणि ते लेबल घर विकताना दिसायला वाईट. म्हणून तो बोटभर तुकडा.

ज्याने हे केलं त्याला आधीच्या मालकांनी रेटिंगमध्ये किती तारे दिले असतील? माझ्या मते पाचच्या पाच. वेळेवर आला, कचरा झाडून गेला, टेस्टर लावून दाखवला, पैसे कमी घेतले. ग्राहकाला दिसतं त्या प्रत्येक गोष्टीत तो उत्तम होता. मी नगरपालिकेत त्या कामाचं परमिट, म्हणजे काम सुरू करण्याआधी काढायची परवानगी, शोधलं. नव्हतं. म्हणजे माझ्या भिंतींत जे काम होतं त्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

माझा सगळा लेख खरं तर या नावाबद्दल होता, आणि ते मी नीट मांडलं नाही. परवाना कौशल्याची हमी देतो असं माझ्या लेखातून वाटत असेल, तर ते काढून टाका. टेक्ससमध्ये जर्नीमन, म्हणजे शिकाऊच्या वरच्या पायरीचा कारागीर, व्हायला मास्टर (त्याहून वरच्या पायरीच्या) इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली ८,००० तास भरावे लागतात, मास्टर व्हायला १२,०००, शिवाय परीक्षा. त्या ८,००० तासांत कुणी पॅनेल जोडायला शिकतो आणि कुणी चार वर्षं नुसते पाइप वाकवतो. तास दोघांचे सारखेच भरतात. तुमची कडीची उपमा इथे लागू पडते. हा तुमचा अर्धा मुद्दा.

पण परवान्यामुळे एक वेगळी गोष्ट घडते. कारागिराच्या हातात असं काहीतरी येतं जे त्याच्याकडून काढून घेता येतं. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे कंत्राटदाराला २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे नुकसान झालेल्या ग्राहकाला ज्यातून भरपाई मागता येते अशी हमी, द्यावा लागतो. लहानसहान कामांना सूट आहे, पण त्यापलीकडचं काम बिनपरवाना केलंत, तर मजुरीसाठी कोर्टात जाता येत नाही. उलट ग्राहक दिलेले सगळे पैसे परत मागू शकतो, काम चांगलं झालेलं असलं तरी! मला हा कायदा अघोरी वाटतो. पण ज्याने हा नियम लिहिला त्याला माझ्या भिंतीतला तो तुकडा कुठून येतो हे पक्कं ठाऊक असणार.

आता कुंपण. तुमची शंका हवेतली नाही. नॉर्थ कॅरोलायनात दंतवैद्यांच्या मंडळाने, ज्यात बहुसंख्य धंदा करणारे दंतवैद्यच होते, दात पांढरे करून देणाऱ्या बाहेरच्यांना नोटिसा धाडून हुसकावलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धंदेवाल्यांच्याच ताब्यातलं मंडळ राज्याच्या सक्रिय देखरेखीशिवाय चालत असेल, तर त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण नाही. इलेक्ट्रिशियनांच्या मंडळांनाही हेच लागू होतं. टेक्ससची रचना मात्र मुळात वेगळी आहे. तिथे इलेक्ट्रिशियनांचं मंडळ फक्त सल्ला देतं. निर्णय सात जणांच्या आयोगाचा, आणि ते सातही जण सर्वसामान्य जनतेचे प्रतिनिधी असावे लागतात. दंड प्रत्येक उल्लंघनाला दिवसाला ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. आरोप अमान्य असेल तर इलेक्ट्रिशियनला वेगळ्या, स्वतंत्र कार्यालयातल्या न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. तुम्ही ‘कारवाईला इतके महिने का लागतात’ म्हणता, त्याचं एक कारण हेच. परवाना ही पोट भरण्याची सनद आहे. ती नोटीस आणि सुनावणीशिवाय हिसकावता येत नाही, आणि येऊही नये. उद्या एखाद्या चिडक्या ग्राहकाने खोटी तक्रार केली तर?

पण तुम्ही न मांडलेली एक हरकत माझी मीच मांडतो, कारण लेख लिहिताना ती मी गिळली होती. ही सगळी शिस्त बहुतेक तक्रारीवर चालते. जे दिसतं त्याचीच तक्रार होते: अर्धवट टाकलेलं काम, बुडवलेला ॲडव्हान्स, जाहिरातीत नसलेला परवाना क्रमांक. माझ्या भिंतीतल्या तुकड्याची तक्रार वर्षानुवर्षं कुणी केली नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही. म्हणजे ज्या धोक्याच्या नावाने परवाना मागितला जातो, नेमका तोच शिस्तभंगाच्या जाळ्यातून निसटतो. त्याला पकडतो तो परवाना नव्हे, भिंत बंद होण्याआधी येऊन उघड्या तारा बघणारा इन्स्पेक्टर. तो येतो परमिट काढलं तर, आणि परमिट काढायला परवान्याचा क्रमांक द्यावा लागतो, असं ते एकात एक गुंतलेलं आहे. मंडळाने दंड किती केला यापेक्षा परमिट किती कामांवर निघतं हे विचारायला हवं होतं, आणि ते मी लेखात विचारलं नाही.

तुमचा आणखी एक प्रश्न राहिला: एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात का चालत नाही? वीज तर सगळीकडे तीच, कोडही बहुतेक राज्यं तोच स्वीकारतात, १८९७ पासून निघणारा आणि आता दर तीन वर्षांनी सुधारला जाणारा. मलाही याचं पटण्यासारखं कारण सापडलेलं नाही. ॲरिझोनाने २०१९ मध्ये इतर राज्यांतून राहायला येणाऱ्यांचे परवाने सरसकट मानायचा कायदा केला, नंतर इतरही काही राज्यं त्या वाटेने गेली. कडी म्हणायचंच असेल तर ती मला सगळ्यात जास्त इथे दिसते.

लेखातलं ते चुकीचं वाक्य आज दुरुस्त केलं आहे. जुनं वाक्य पुसलेलं नाही, त्यावर नुसती रेघ मारली आहे, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला ती कशावर होती हे कळेल.