बायोडेटात 'प्रोफिशियंट' कसे व्हावे

नोकरीला अर्ज करताय? मग 'प्रोफिशियंट' हे विशेषण आधी टाका, बाकीचं नंतर बघू. 'एक्सेल येतं' असं साधं लिहिलंत तर समोरचा लगेच विचारणार, कितपत येतं? 'प्रोफिशियंट इन एक्सेल' म्हटलं की बिचाऱ्याला तेवढीही सोय उरत नाही.

याहून हलके शब्द वापरून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका. 'एबल' म्हणजे करू शकतो, एवढंच. 'केपेबल' म्हणजे अंगात कुवत आहे, केलेलं मात्र कोणी पाहिलेलं नाही. 'कॉम्पिटंट' म्हणजे कामापुरतं येतं. इंग्रज माणूस हा शब्द कौतुक टाळायचं असतानाही वापरतो. 'प्रोफिशियंट' म्हणजे शिकून, सराव करून हात बसलेला. यातला 'सराव करून' हा भाग वाचला नाही असं समजा.

युरोपातल्या भाषापातळ्यांची चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत आणि 'प्रोफिशियंट' म्हणवून घ्यायला सी१ किंवा सी२ लागते. बी२ला पोचलेला माणूस त्या भाषेत बऱ्यापैकी ओघाने गप्पा मारतो, तरी त्याला नुसतं 'इंडिपेंडंट' म्हणतात. कडकच लोक! आपल्याकडे 'इंग्लिश, हिंदी, मराठी : प्रोफिशियंट' ही ओळ एका दमात लिहून होते.

शब्द मात्र नीट लिहा. 'सी'नंतर 'ई-आय' हा शाळेतला नियम इथे लावलात की फसलात. 'एफिशियंट', 'सफिशियंट'प्रमाणे इथेही 'आय-ई'च. पुढे विषय, भाषा किंवा सॉफ्टवेअर असेल तर 'इन', कृती असेल तर बहुधा 'अॅट' आणि क्रियापदाला 'आयएनजी'. 'प्रोफिशियंट टू स्पीक' हे 'एबल टू'चं कलम आहे आणि 'प्रोफिशियंट ऑफ' हे 'केपेबल ऑफ'चं. इंग्रजीतल्या प्रावीण्याची ओळ नेमकी याच जागी चुकवण्याची प्रथा आहे, ती मोडायची असेल तर तुमची मर्जी.

आता धोका एकच. एखादा खडूस मुलाखतकार लॅपटॉप तुमच्याकडे वळवून म्हणतो, 'जरा व्हीलूकअप लावून दाखवा.' एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र पुढे सरकवून बघा. तो बधला नाही तर पुढचं लक्षात ठेवा. व्हीलूकअप म्हणजे टेबलात एखादी गोष्ट शोधून तिच्या ओळीतली माहिती आणणारं एक्सेलचं सूत्र. त्याला चार गोष्टी द्यायच्या असतात: काय शोधायचं, कुठल्या टेबलात, कितव्या रकान्यातलं उत्तर हवं आणि जुळणी तंतोतंत हवी की अंदाजे. शोधायची गोष्ट टेबलाच्या पहिल्याच रकान्यात असावी लागते. टेबलाचा पत्ता एफ४ दाबून डॉलरच्या चिन्हाने जागेवर बांधला नाहीत, तर सूत्र खाली ओढताना टेबलही एकेक ओळ घसरतं आणि खालच्या ओळींत 'एन-ए' (म्हणजे 'सापडलं नाही') उगवू लागतात. कधी पत्ता बरोबर असूनही 'एन-ए' येतं. तेव्हा बघा, एका बाजूचे कोड आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूचे आकड्यांसारखे दिसणारे टेक्स्ट. टेक्स्टवाले सहसा सेलच्या डावीकडे चिकटलेले दिसतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो. तो त्रिकोण डिझाइन आहे असं सांगू नका.

चौथी गोष्ट मात्र देऊच नका. सगळे प्रोफिशियंट लोक तेच करतात. मग एक्सेल जुळणी 'अंदाजे' धरतं, म्हणजे कोड सापडला नाही तर त्याच्याहून लहान अशा सगळ्यात जवळच्या कोडचं उत्तर आणून ठेवतं, तेही चूक न दाखवता. यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर कुठलं आणेल याचाही भरवसा नाही. तिथे 'फॉल्स' किंवा शून्य (म्हणजे तंतोतंत) लिहिलं तर हे सगळं टळतं, पण तेवढं टाइप कोण करणार?

नोकरी लागलीच तर पगाराची शीट बहुधा तुमच्याकडेच येईल. मार्चमध्ये सोडून गेलेल्या माणसाचा कोड पगाराच्या टेबलातून गेला, पण हजेरीत राहिला असेल, तर एप्रिलमध्ये त्याच्या नावापुढे आधीच्या कोडवाल्याचा पगार लागेल. 'एन-ए' एकही नाही, शीट कशी स्वच्छ दिसते! पाठवून द्या बँकेला.