डिटेक्टर असा बसवा, की कुणाला त्रास नको

जळगावच्या एमआयडीसीत सरकीतून तेल काढायचा सॉल्व्हंट प्लँट उभा राहिलाय, हेक्झेन या झटकन पेट घेणाऱ्या द्रावकाची टाकी भरलीये आणि तपासणीवाल्या साहेबांनी फ्लेम डिटेक्टर मागितलेत? घाबरू नका भो. डिटेक्टर आग पाहण्यासाठी असतो हा गैरसमज आधी काढून टाका. तो साहेबांनी पाहण्यासाठी असतो.

जागा निवडणं सोपं आहे. शिडी जिथे सहज लागते, ती जागा उत्तम. हेक्झेन गळतं पंपाच्या सीलमधून आणि फ्लँजमधून, म्हणजे पाइपांच्या जोडांतून, पण तिकडे पाहताना मध्ये केबल ट्रे येत असेल तर येऊ द्या. समोरच्या कोपऱ्यातून दुसरा डिटेक्टर लावून ती सावली भरून काढायचं खूळ डोक्यात घेऊ नका. तीन-बँड इन्फ्रारेड डिटेक्टरच्या पत्रकात 60 मीटर लिहिलंय ना? ते 0.1 चौरस मीटर हेप्टेनच्या ट्रेमधल्या आगीसाठी आहे, तेही आग बरोबर समोर असेल तर. 45 अंश कडेला गेलं की बहुतेक डिटेक्टरांची नजर निम्म्यावर येते. अंतर दुप्पट झालं, तर तेवढाच सिग्नल यायला आग चौपट लागते. थोडा धीर धरा. हेक्झेन आहे, आग फार वेळ लहान राहणार नाही.

स्वस्तात हवं असेल तर नुसता अल्ट्राव्हायोलेट डिटेक्टर घ्या. भिंगावर तेलकट थर बसला की तो आंधळा होतो आणि तेलाच्या प्लँटमध्ये असा थर फुकट मिळतो. तोपर्यंत तो लांबच्या आर्क वेल्डिंगलाही आग समजून बोंबलेल. दोन-चारदा बोंबलला की ऑपरेटर स्वतःच हूटरची वायर काढतो, तुम्हाला सांगावंही लागत नाही. डिटेक्टरचं तोंड खाली झुकवू नका, म्हणजे धूळ, पाणी आणि कबुतरं आपापलं काम करतील.

शेजारी जिनिंग आहे? तिथेही हाच डिटेक्टर लावा. कापसाची गाठ आतल्या आत धुमसते, ज्वाळा बाहेर यायला वेळ लागतो. तोवर अलार्मचं पॅनेल शांत.

वायरिंगकडे मात्र खास लक्ष द्या. लाइनच्या शेवटचा रेझिस्टर शेवटच्या डिटेक्टरमध्ये बसवायचा असतो, कारण वाटेत वायर तुटली तर पॅनेलला कळावं. तुम्ही तो पॅनेलच्या टर्मिनलवरच बसवा. मग उंदरांनी अख्खी केबल खाल्ली तरी पॅनेल ‘नॉर्मल’च दाखवतं. 24 व्होल्टही पॅनेलवरच मोजा, डिटेक्टरच्या टर्मिनलवर नको. भिंगाचा हीटर चालू झाला, अलार्म लागला की करंट वाढतो, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि 18 व्होल्ट तरी मागणारा टोकाचा डिटेक्टर ऐन वेळी मान टाकतो. त्या कटकटीत आत्ताच कशाला पडायचं? डिटेक्टरच्या फ्लेमप्रूफ झाकणाचे दोन बोल्ट हरवले, तर हरवले. आत स्फोट झाला तर ज्वाळेने त्या बारीक फटीतून निवत बाहेर यावं म्हणून ते सगळे बोल्ट आवळायचे असतात, एवढंच. केबल घट्ट धरणाऱ्या डबल कंप्रेशन ग्लँडऐवजी एम-सील आणि रिकाम्या एंट्रीत चिंधी, हे तर तुमच्या फिटरला पाठच असेल.

मग कमिशनिंग. कंपनीचा फ्लेम सिम्युलेटर, म्हणजे आगीची नक्कल करणारा दिवा, महाग पडतो. त्यापेक्षा हिवाळ्यात प्लँटच्याच आवारात कापसाच्या काड्या पेटवून भरताची पार्टी ठेवा, डिटेक्टर वाजला की चाचणी पास. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, जमिनीलगत सरपटत काड्यांपर्यंत येते. पण वांगी खमंग भाजतात.

चाचणीआधी डिल्यूजचा, म्हणजे आग दिसताच पाण्याचा मारा करणाऱ्या यंत्रणेचा, सोलेनॉइड व्हॉल्व्ह बायपास करावा लागतो, नाहीतर सगळ्यांची आंघोळ होते. बायपास तेवढा करा. काढायचं रजिस्टरमध्ये लिहा, प्रत्यक्षात राहू द्या. पॅनेलवर एक पिवळा दिवा लुकलुकत राहील, त्यावर इन्सुलेशन टेप चिकटवा. काळीच घ्या, लाल टेपमधून उजेड दिसतो.