इंग्रजी आकड्यांत ‘सी’ नाही म्हणे! मग क्रोर कसा लिहायचा?

‘इंग्रजीची ही गंमत ९९ टक्के लोकांना माहीत नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. माळ्यावरची छत्री पावसाळ्यात निघावी तसा अधूनमधून निघतो, आणि मी तो न वाचता सोडून देते. पण गेल्या आठवड्यात भाचीच्या क्लासमध्ये चाचणी झाली. प्रश्न होता, ‘पाचही स्वर असलेला इंग्रजी शब्द लिहा.’ पोरीने ‘इक्वेशन’ लिहिलं. सरांनी त्यावर लाल फुली मारून शेजारी लिहिलं, ‘एज्युकेशन’. ताईने फोन केला तर म्हणाले, असा एकच शब्द आहे, ग्रुपवरच्या त्या मेसेजमध्येच आलंय.

ई, क्यू, यू, ए, टी, आय, ओ, एन. आठ अक्षरं, पाचही स्वर, तेही प्रत्येकी एकदाच. एज्युकेशनला नऊ लागतात, म्हणजे पोरीचं उत्तर सरांच्यापेक्षा काटकसरीचं. सिक्वोया झाडाचं तर सातातच भागतं. फोन ठेवून ताई ओट्यापाशी फ्लॉवरचे तुरे मिठाच्या पाण्यात सोडत होती. कॉलिफ्लॉवरचं स्पेलिंग म्हणून बघा: सी, ए, यू, एल, आय, एफ, एल, ओ, डब्ल्यू, ई, आर. पाचही स्वर पातेल्यात तरंगत होते. डायलॉग घ्या, बिहेवियर घ्या. किती सांगू?

आता आकड्यांचा मुद्दा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं. मेसेज म्हणतो, १ ते ९९च्या स्पेलिंगमध्ये ए, बी, सी, डी यातलं एकही अक्षर नाही. डी पहिल्यांदा येतो हंड्रेडमध्ये, ए थाउजंडमध्ये, बी बिलियनमध्ये, आणि सी तर कुठेच नाही. ९९पर्यंतचं खरं आहे, मी बसून ताडून पाहिलं. डीचंही खरं. एचं खरं आहे ते ‘वन हंड्रेड वन’ म्हणणाऱ्या अमेरिकनांपुरतं. आपल्याला शाळेत ‘वन हंड्रेड अँड वन’ शिकवलंय. त्या अँडमध्ये ए बसलाय की! आहेराच्या पाकिटातल्या १०१ रुपयांतच तो उगवतो, हजारापर्यंत थांबत नाही.

आणि सी कुठेच नाही? जे काका हा मेसेज पाठवतात, तेच काका समोरच्या इमारतीतला फ्लॅट ‘दीड सीआर’ला गेला म्हणून हळहळतात. तो सी कुठून आला, काका? क्रोर, सी-आर-ओ-आर-ई. शिवाय बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजे आपल्या मोजणीत सी हा बीच्याही आधी येतो. ‘क्रोर आपला, तो इंग्रजी कसा?’ असं कुणी म्हणेलच. ऑक्सफर्डचा शब्दकोश उघडा, त्यात आहे. तरी समाधान नसेल तर त्याच कोशात ऑक्टिलियन बघा: अमेरिकी पद्धतीने एकावर २७ शून्यं, आणि दुसरंच अक्षर सी. ३३ शून्यांच्या डेसिलियनमध्येही सी आहेच. लाखा-कोटीत मोजणाऱ्या माणसांनी बाहेरून आलेला मेसेज डोळे झाकून पुढे ढकलावा, याला काय म्हणायचं?

बाकीचं पटापट. ‘रिदम हा स्वर नसलेला सर्वांत लांब शब्द.’ त्याला अनेकवचनाचा एस लावा, सहाची सात अक्षरं झाली. आणि त्यातला वाय स्वराचंच काम करतोय, नाहीतर उच्चारणार कसं? वायसुद्धा नको असेल तर एव्हरेस्टवर जाणाऱ्यांना विचारा, त्यांच्या वाटेवर वेस्टर्न कूम नावाची हिमनदीची दरी लागते. कूमचं स्पेलिंग सी-डब्ल्यू-एम, शब्द मूळचा वेल्श.

‘-डस’ने (डी-ओ-यू-एस) संपणारे चारच शब्द: ट्रिमेंडस, स्टुपेंडस, हॉरेंडस, हॅझर्डस? ऑक्सफर्डमध्ये जेपर्डस आहे, चतुष्पाद या अर्थाचा टेट्रापॉडस आहे.

‘टाइपरायटर हा कीबोर्डच्या वरच्या ओळीतला सर्वांत लांब शब्द.’ दहा अक्षरं, कबूल. पण दुकानाच्या पाटीवर ‘प्रो. प्रा.’ असतं ना, तो प्रोप्रायटरही त्याच ओळीतला आणि दहाचाच.

शेवटचा दावा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. ‘अनकॉपीराइटेबल’मध्ये १५ अक्षरं आहेत आणि एकही पुन्हा येत नाही. पण तो ‘एकमेव’ नाही. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’मध्येही बरोब्बर १५ आहेत, सगळी वेगळी. बोटांवरच्या, तळव्यावरच्या रेषांच्या अभ्यासाला हे नाव हॅरॉल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो यांनी १९२६ साली दिलं. तो अभ्यास खरा. त्याचं नाव लावून मुलांच्या बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ चाचणी मात्र बिनबुडाची आहे, आणि पालक तिच्यासाठी पैसे मोजतात.

भाचीच्या क्लासमध्ये जिन्यापाशी त्याच चाचणीचं पोस्टर आहे. त्यावर तो १५ अक्षरी शब्द ठळक छापलाय. सर रोज त्याच्या समोरून वर जातात.