आईला बाहेर ठेवून बाळाचं इन्फेक्शन थांबत नाही

गोव्यातल्या साखळी-डिचोलीकडच्या आमच्या बायकांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतल्या बाळाला इन्फेक्शन होतं ते आई आत-बाहेर करते म्हणून. काचेच्या पेटीत बाळ सुरक्षित असतं, त्याला हात लावू नये. पिळून काढलेल्या दुधापेक्षा डब्याचं दूध स्वच्छ. आणि पहिल्या दिवसापासून भारी अँटिबायोटिक चालू ठेवलं की भीती नाही. मी 22 वर्षं नवजात बाळांच्या आयसीयूत नर्स होते. हा मेसेज वाचून शेजारची एक पोर चार दिवस बाळाकडे फिरकली नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी आईवरचा आरोप. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात 13,530 नवजात बाळांचा अभ्यास झाला. रक्तात सर्वांत जास्त वेळा सापडला अ‍ॅसिनेटोबॅक्टर, त्याखालोखाल क्लेबसिएला. हे रुग्णालयात मुक्काम ठोकणारे जंतू. सिंकमध्ये, व्हेंटिलेटरच्या नळीत, ओल्या कोपऱ्यात ते टिकून राहतात आणि एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात ते बहुतेक वेळा आमच्या हातांवरून. नर्सच्या, डॉक्टरच्या. लिहिताना जड जातंय, पण हेच खरं आहे. रात्रपाळीला एकटीकडे सहा-सात बाळं असली की एकाचा मॉनिटर वाजतो, दुसऱ्याचं सलाइन संपतं, तिसरं श्वास घ्यायचं विसरतं. त्या धावपळीत हाताला सॅनिटायझर चोळायचे 20-30 सेकंद सुटतात. माझेही सुटलेत. 2012 साली बेलफास्टच्या एका रुग्णालयात तीन बाळं स्यूडोमोनास नावाच्या जंतूने दगावली; तो जंतू नळांमध्ये सापडला. तिथे कुठल्या आईला दोष देणार?

कमी दिवसांच्या बाळाची कातडी कागदासारखी पातळ असते. आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळात उतरते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्याला ती पुरती मिळालेलीच नसते. त्यात सुया, नळ्या. काचेची पेटी त्याला ऊब आणि ओलावा देते, जंतू अडवत नाही. तिच्या गोल दारांना दिवसभरात किती हात लागतात ते मी पाहिलंय.

आणि आईच्या छातीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास 2021 मध्ये आला. एक ते 1.8 किलोंची 3,211 बाळं. तब्येत स्थिरावण्याची वाट न बघता ज्यांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, त्यांच्यात 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के. आधी पेटी, मग आई असं केलं त्यांच्यात 15.7. जंतुसंसर्गाचा संशयही 27.8 वरून 22.9 टक्क्यांवर आला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तर आई-वडिलांना शिकवून बाळाच्या सेवेत घेण्याच्या सूचना 2017 सालीच काढल्या.

अर्थात आईने तयारीने आत जायचं. सत्तरी तालुक्यातली एक सून आठवते. ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या काढायला तिचं मन होईना. सासूने साबण लावून एकेक बांगडी हलकेच सरकवली, पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाली, "बाय, बाळ घरी येईल तेव्हा मी घालीन परत." मग कोपरापर्यंत हात, नखांच्या कडा, अंगठ्याचं बेचकं, सगळं धुतलं. ती पोर रोज चार-पाच तास बाळाला छातीशी घेऊन बसायची.

दुधाचं थोडक्यात. डब्याची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू सापडलाय, म्हणून ती किमान 70 अंशांच्या पाण्यात कालवायला सांगतात. आईचा पिवळा चीक थेंबभर मिळाला तरी द्यावा. आतडं सडण्याचा आजार आईच्या दुधावरच्या बाळांत कमी होतो. दूध मात्र उकळलेल्या वाटीत, धुतलेल्या हातांनी काढायचं.

अँटिबायोटिक डॉक्टरांनी कारणाने सुरू केलं तर द्यायलाच हवं. उगाच लांबवलं की चांगले जंतू मरतात आणि चिवट उरतात. दिल्लीच्या त्याच अभ्यासात 82 टक्के अ‍ॅसिनेटोबॅक्टर अनेक औषधांना दाद देत नव्हते. रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आलं, बाळ बरं दिसतंय, तर "औषध कधी थांबवणार?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

मेसेजातलं एवढंच पटतं की गर्दी नको. सर्दी-ताप असलेल्याने, मग ती आजी का असेना, बरं होईपर्यंत बाहेरच थांबावं. गणेश चवथीच्या दिवसांत बाळ घरी आलं तर पाहुण्यांनी दारातूनच बघावं. शेजारच्या त्या पोरीला मी काल सोबत घेऊन गेले. बाळ तिच्या छातीवर तासभर गाढ झोपलं.